माळ्यावरचं उदमांजर आणि दिवाळीला येणारं बाळ

वाचकाचा प्रश्न

पत्र लिहिणाऱ्या ताई एकसष्ट वर्षांच्या आहेत. यजमान निवृत्त झाल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या स्वाधीन करून दोघं रत्नागिरी जिल्ह्यातल्या सासरच्या गावी कायमचं राहायला आले. घर चिऱ्याचं, कौलारू. सासूबाई गेल्यानंतर बारा वर्षं ते जवळजवळ बंदच होतं. गणपतीपासून रोज रात्री माळ्यावर कुणीतरी धावल्यासारखा आवाज येतो. माजघरातल्या तक्तपोशीवर, म्हणजे लाकडी छतावर, पिवळट डाग पडलाय आणि उग्र वास सुटलाय. एकदा बॅटरी मारली तर दोन डोळे चमकले. शेजारी म्हणतात, कांडेचोर आहे, म्हणजे उदमांजर. परवा न्हाणीघरात साप निघाला, तो पुतण्याने मारला. दिवाळीला लेक आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार आहे. यजमानांचं म्हणणं, कोकणात हे चालायचंच. पुतण्या म्हणतो, केळ्यात औषध घालून ठेवतो, नाहीतर पिंजरा लावून घाटात सोडून येतो. ताईंना जीव घ्यायचा नाही, पण रात्र रात्र झोप लागत नाही. त्या विचारतात, "जनावरं कायमची घराबाहेर कशी ठेवायची? की लेकीला येऊच नको म्हणून कळवू?"

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. लेकीला येऊ नको म्हणून कळवू नका. दिवाळीला अजून अवकाश आहे आणि तेवढ्या दिवसांत तुमचं घर बाळासाठी सुरक्षित करता येईल. मात्र त्यासाठी तुमच्या भीतीचा क्रम थोडा बदलावा लागेल.

तुमच्या पत्राची जवळजवळ दोन पानं उदमांजराबद्दल आहेत, आणि साप एका ओळीत येऊन गेलाय. मला ते उलट हवं होतं. उदमांजर दिवसभर झोपतं, अंधार पडल्यावर बाहेर पडतं आणि माणसाची चाहूल लागली की पळ काढतं. झोपलेल्या माणसावर चालून येण्याचा त्याचा स्वभाव नाही. कोंडलं किंवा पिल्लांजवळ कुणी हात घातला तर मात्र ते कडकडून चावेल. ते आवाज करतं, घाण करतं आणि तुमची झोप उडवतं, म्हणून ते मोठं वाटतं. न्हाणीघरात आलेला साप आवाज न करता आला. तो कुठल्या जातीचा होता हे तुम्हाला माहीत नाही, आणि तो कुठून आत शिरला हेही कुणी पाहिलेलं दिसत नाही. साप मारला म्हणून ती वाट बंद होत नाही. बाळ येणार असेल तर पहिलं काम तिथे आहे. त्याकडे पुढे येतेच.

यजमानांच्या "चालायचंच" या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण अर्धंच. उदमांजर हा काही रान सोडून गावात शिरलेला प्राणी नाही. बागा, माड, फणस, कौलारू घरं यांच्यातच ते पिढ्यान् पिढ्या राहत आलंय. भेरली माडाची फळं ते आवडीने खातं, माडाला लावलेल्या मडक्यातली माडी पितं, उंदीर आणि किडे मारतं. तुमच्या आगरात आपोआप उगवलेली कितीतरी झाडं त्याच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची असतील. तेव्हा ते आसपास असणारच, हे यजमानांचं म्हणणं बरोबर. पण ते आसपास असणं आणि माजघराच्या डोक्यावर मुक्कामाला असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी सोसायची काहीच गरज नाही. सासूबाईंच्या काळात चुलीचा धूर रोज माळ्यावर चढायचा. तिथे शेणी, भाताची कणगी, आमसुलांच्या बरण्या असायच्या, दिवसातून दोनदा कुणीतरी शिडीवर चढायचं. दरवर्षी पावसाआधी कौलं उतरवून परत चढवली जायची. बारा वर्षं यातलं काहीच झालं नाही. अंधारी, कोरडी, बिनवावराची जागा मिळाल्यावर जनावर तिथे राहायला आलं, यात नवल नाही. तुमच्याच घरावर ही वेळ आली असं मनात आणू नका. मुंबई-पुण्याहून परतलेल्या अनेकांची पत्रं अशाच घरांमधून येतात.

आता पुतण्याच्या दोन्ही उपायांबद्दल.

औषध घातलेली केळी घराच्या आसपास कुठेही ठेवू देऊ नका. ठेवली असतील तर आजच मोजून परत गोळा करायला सांगा. ती केळी उदमांजरच खाईल याची खात्री कोण देणार? कुत्रा खाईल, गाय खाईल, शेजारचं पोर उचलेल. आणि समजा उदमांजराने खाल्लं, तर मरायला ते बहुधा माळ्यावरच येईल, तेही हात पोचणार नाही अशा सांदीत. मग ऐन दिवाळीत कुजल्याचा वास आणि तक्तपोशीतून खाली पडणाऱ्या अळ्या तुमच्या वाट्याला. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे. त्याला मारणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. हे पुतण्याला रागाने नको, शांतपणे सांगा. तो तुमच्या काळजीपोटीच करतोय.

पिंजरा ऐकायला दयाळू वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. पहिली गोष्ट, वनखात्याच्या परवानगीशिवाय असा प्राणी पकडणं आणि दुसरीकडे नेऊन सोडणं हेही कायद्यात बसत नाही. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट, त्याने प्रश्न सुटत नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. तो सोडल्या जागी राहिला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या दिशेने थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पोचला. जुन्नर परिसरातल्या बिबट्यांचा विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. पकडलेले बिबटे जिथे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, असं त्यात दिसलं. उदमांजर म्हणजे बिबट्या नव्हे, मान्य. पण अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावचळतं, परत फिरतं किंवा दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर चढतं, हे दोघांनाही लागू आहे. मादी असेल तर मागे राहिलेली पिल्लं तुमच्याच माळ्यावर उपाशी मरतील. आणि तुमच्या छपरातलं भोक तसंच उघडं राहील, ते वेगळंच. पुढच्या पावसाळ्यात तिथे दुसरं उदमांजर येईल.

तेव्हा जनावर नाही, भोक शोधायचं.

एखाद्या दुपारी यजमानांना घेऊन घराभोवती सावकाश फेरी मारा आणि नजर छपराच्या कडेवर ठेवा. जुन्या चिरेबंदी घरांत भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, हवा खेळावी आणि धूर बाहेर जावा म्हणून. बहुतेकदा वाट तीच असते. जिथून ये-जा चालते तिथल्या चिऱ्यावर किंवा वाशावर अंग घासून काळसर, तेलकट पट्टा पडलेला दिसतो, एखाददुसरा केस अडकलेला असतो. सरकलेली, फुटलेली कौलंही टिपून ठेवा. पन्हळीवर किंवा जवळच्या फांदीच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसले तर वर चढण्याची वाटही सापडली.

खात्रीसाठी चुलीची राख घ्या, नसेल तर रांगोळी. ती चाळून संध्याकाळी माळ्यावर संशयाच्या जागी पातळ थर पसरा. सकाळी पाहा. उदमांजराच्या पावलाला पाच बोटं उमटतात, साध्या मांजराच्या चार. उंदीर असतील तर बारीक ठशांची रांगच दिसेल, आणि सापासाठी तीही बातमी महत्त्वाची आहे. पावलं कुठल्या दिशेने गेली तेही राख सांगते. माळ्यावर चढताना नाकातोंडाला मास्क, हातात जाड मोजे आणि पायात बूट असू द्या, आणि एकट्याने चढू नका.

यानंतरचा प्रश्न पिल्लांचा, आणि इथे घाई नको. संध्याकाळी मोठं जनावर बाहेर पडल्यावर अर्धा तास शांत बसून ऐका. बारीक चिवचिवल्यासारखा आवाज आला तर पिल्लं आहेत. अशा वेळी वाट बंद केली तर आई कौलं फोडून आत यायला बघेल आणि पिल्लं आत मरतील. थोडी कळ काढा. पिल्लं काही आठवड्यांची झाली की आईमागे बाहेर पडू लागतात. तोवर तिला जागा गैरसोयीची करता येते. माळ्यावर दिवसा एक बल्ब पेटता ठेवा, रेडिओ हळू आवाजात लावून ठेवा, रोज दुपारी कुणीतरी वर फिरून या. तिच्या नेहमीच्या दोन-चार झोपायच्या जागा असतातच. उजेड आणि वावर वाढला की पिल्लांना तोंडात धरून ती बहुधा स्वतःच दुसरीकडे जाते.

पिल्लं नाहीत अशी खात्री झाली की पुढचं काम थोड्या रात्रींचं. मुख्य वाट सोडून बाकीच्या सगळ्या फटी आधी बंद करा. मुख्य वाटेवर जाळीचा तुकडा फक्त वरच्या बाजूने अडकवून लोंबता ठेवा, असा की आतून ढकलला तर उघडेल पण बाहेरून आत ढकलता येणार नाही. जनावर रात्री बाहेर पडेल आणि पहाटे त्याला परत शिरता येणार नाही. दोन-तीन रात्री राखेवर एकही पाऊल उमटलं नाही की ती वाटही पक्की करा. पिल्लं असताना मात्र ही लोंबती जाळी अजिबात लावू नका.

जाळी अर्ध्या इंचाच्या चौकटीची, वेल्ड केलेली, लोखंडी घ्या. प्लॅस्टिकची किंवा मच्छरदाणीची जाळी एका रात्रीत फाटते. आणि गवंड्याने सिमेंटने सगळं बुजवून टाकतो म्हटलं तर ठाम नाही म्हणा. ती फट घराला हवी आहे. कोकणातल्या दमटपणात हवा कोंडली की वासे आणि रिपा कुजू लागतात, मग वाळवी. जाळीने वारा येतो, जनावर येत नाही.

वर चढायच्या वाटाही तोडाव्या लागतील. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या कौलांपासून निदान सात-आठ फूट दूर राहतील इतक्या छाटा. अगदी घराला लागून असलेल्या माडाला किंवा पोफळीला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळा, उंदरांसाठी नारळाला लावतात तसाच. गळलेली फळं रोज वेचा, मांजराचं ताट रात्री बाहेर ठेवू नका.

माळा साफ करताना कोरडी केरसुणी फिरवू नका, धूळ नाकातोंडात जाते. आधी साबणाचं पाणी शिंपडून सगळं भिजवा, मग गोळा करून खड्ड्यात पुरा. डाग पडलेल्या फळ्या घासून उन्हं लागतील अशा ठेवा. वास पूर्ण गेला पाहिजे, कारण त्या वासाच्या ओढीने जनावर परत त्याच जागी येतं.

आता साप. ताई, हा भाग यजमानांनाही वाचायला द्या.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. तुमच्या भागात कातळ, गडगे म्हणजे दगडी कुंपणं, आणि चिऱ्यांचे ढीग असल्यामुळे फुरसं बरंच आढळतं. ते जेमतेम हातभर लांब असतं, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. मला बाळाच्या दृष्टीने मण्यार जास्त काळजीची वाटते. ती रात्री हिंडते, उंदरांच्या आणि पालींच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. म्हणून तुमच्या घरात दिवाळीत कुणीही जमिनीवर झोपायचं नाही. पाहुणे जास्त झाले तरी नाही. बाळ आणि लेक पलंगावर, मच्छरदाणीत, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या. एवढ्या एका सवयीने डास आणि मण्यार दोन्हींपासून संरक्षण मिळतं.

न्हाणीघराच्या आणि मोरीच्या तोंडाला बारीक भोकांची स्टीलची जाळी बसवून घ्या. दारांखाली करंगळी जाईल एवढी फट असेल तर लाकडी पट्टी किंवा रबर ठोका. भिंतीला टेकून रचलेली लाकडं, नारळाची सोडणं, झावळ्या, उरलेले चिरे, हे सगळं घरापासून लांब न्या, आणि हलवताना हाताने उचलू नका, आधी काठीने चाळवा. गडग्यात हात घालू नका. कोंबड्यांचं खुराडं पडवीत असेल तर ते बाहेर हलवा. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवा, म्हणजे उंदीर कमी होतील. उंदीर घटले की साप यायचं मुख्य कारण गेलं. रात्री परसदारी जाताना बॅटरी, पायात चप्पल नव्हे तर बूट.

कार्बोलिक अ‍ॅसिड, फिनेल, डांबरगोळ्या, लसणाचं पाणी यांनी साप येत नाही ही समजूत सोडून द्या. त्यावर भरवसा ठेवून लोक मोरीची जाळी लावायचं विसरतात. शिवाय कार्बोलिक अ‍ॅसिड आणि डांबरगोळ्या रांगत्या बाळाच्या घरात असणंच धोक्याचं.

साप दिसलाच तर मारायला धावू नका. चावे अनेकदा त्याच धावपळीत होतात. मुलांना बाहेर काढा, एकाने लांबून नजर ठेवा, आणि गावातल्या माहितीतल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, भगताकडे नेऊ नका. माणसाला आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. या चारही सापांवर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत असतं, पण ते तुमच्या सगळ्यात जवळच्या दवाखान्यात आज आहे का, आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे आधी विचारून ठेवायला हवं. हे काम यजमानांना द्या. "चालायचंच" म्हणणाऱ्या माणसाने करावं असं हे काम आहे.

अशीच अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. माकडं आणि वानरं घरात शिरत असतील तर आसपास कुणीतरी त्यांना खायला घालतंय का ते आधी पाहा. शनिवारी मारुतीच्या नावाने दिलेल्या केळ्यांची सवय सगळ्या वाडीला महाग पडते. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी लावा, फळांची टोपली बाहेरून दिसणार नाही अशी ठेवा. दोडामार्ग, सावंतवाडी भागातल्यांनी मेलेलं माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं, तिथे माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. आणि माकड असो, उदमांजर असो की कुत्रा, चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखम लहान आहे म्हणून थांबू नका.

ताई, एक गोष्ट तुमच्या आणि यजमानांच्यातली. तुम्ही लिहिलंत, "ह्यांना वाटतं मी शहरातली, मला भ्यायला काही लागत नाही." तुमची भीती त्यांना अडचण वाटते, कारण त्यांच्या मनात हे घर लहानपणचं आहे, माणसांनी भरलेलं. तुमच्यासमोर आहे ते बारा वर्षं बंद असलेलं घर. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा राख पसरायच्या कामात त्यांना सोबत घ्या. सकाळी पाच बोटांचा ठसा त्यांनी स्वतः पाहिला की बोलणं सोपं होईल. फांद्या छाटायला आणि कौलांवर चढायला माणूस लावा. साठीनंतर शिडीवरून पडणं हाही घरातला खरा धोका आहे, आणि यजमानांना मी ते करू देणार नाही. पुतण्याला जाळी आणायला रत्नागिरीला पाठवा. त्याला काहीतरी करायचंच आहे.

पाऊस ओसरून कौलं वाळली की काम सुरू करा, ओल्या कौलांवर कुणाला चढवू नका. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पिल्लं अजून माळ्यावरच असली, तर त्यांना तिथे राहू द्या. लेकीची खोली माजघराऐवजी दुसऱ्या बाजूला करा, तिच्या खोलीवरची तक्तपोशी फटी बुजवून घ्या, आणि वाट बंद करायचं काम तुळशीच्या लग्नानंतर करा. पुढे दरवर्षी पावसाआधी शाकारणीला, म्हणजे कौलं नीट करायला, माणसं येतील, त्या दिवशी त्यांना जाळीभोवती फिरवून प्रत्येक खिळा हलवून पाहायला सांगा.